हृदयाचे दोन नकाशे

मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण गेलें नाहीं; सारा जन्म मराठी शाळेंत इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत गेला. तेव्हां हृदयविकाराच्या परीक्षेसारख्या विषयावर मी आपल्यापुढें बोलावयास बसावें, हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु वैद्यक सांगावें हा माझा हेतु नाहीं. मनुष्यानें आपल्याच छातींतलें मुठीएवढें इंद्रिय डोळ्यांनीं पाहण्याचा प्रयत्न कसकसा केला, त्यांत तो कोठें चुकला, आणि एकाच चित्रानें आपलें भागत नाहीं हें त्याला अखेर कसें उमगलें, हा सरळ सरळ इतिहासाचा विषय आहे. आणि इतिहास सांगण्याची संवय मला पस्तीस वर्षांची आहे.

शिवाय या विषयाकडे मी पुस्तकांच्या वाटेनें आलों नाहीं. आमच्या शाळेंत एक चित्रकलेचे शिक्षक होते. आम्ही सारे त्यांना नाना म्हणत असूं. निवृत्तीनंतर त्यांना चालतांना छातींत दाटून येऊं लागलें. तपासणी झाली, चालत्या पट्ट्यावर चालवून आणि किरणोत्सर्गी औषध टोंचून त्यांच्या हृदयाचें रंगीत चित्र काढण्यांत आलें. तें घेऊन ते संध्याकाळीं माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, रंग कसा एकसारखा भरला आहे पाहा. कोठें डाग म्हणून नाहीं!” त्या एकसारख्या रंगावर आम्हीं दोघांनीं चहा घेतला. त्यानंतर सहा महिन्यांनीं नाना गेले. हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या जवळजवळ सारख्याच अरुंद झालेल्या होत्या, हें शेवटच्या दिवशीं इस्पितळांत समजलें. तें चित्र खोटें नव्हतें. मग त्यानें आम्हांला फसविलें कसें? हा प्रश्न माझ्या मनांतून जाईना, म्हणून मी वाचूं लागलों, जाणत्यांस विचारूं लागलों. आज सांगतों तें त्यांतूनच हातीं लागलेलें आहे.

प्रथम स्थळाचें वर्णन करूं. सर्व शरीरास रक्त पुरविणाऱ्या हृदयास स्वतःलाहि रक्त लागतें. महारोहिणीच्या मुळाशींच दोन वाहिन्या फुटतात. डावीचे लगेच दोन मोठे फांटे होतात, म्हणून व्यवहारांत तीन वाहिन्या धरतात. हृदयाच्या माथ्याभोंवतीं त्या मुकुटासारख्या बसलेल्या असतात, म्हणून लॅटिन भाषेंतील मुकुटवाचक शब्दावरून त्यांना कॉरोनरी म्हणतात; आपण त्यांना हृद्‌रोहिणी म्हणूं. आपल्याकडच्या कालव्याचें उदाहरण घ्या. धरणापासून मुख्य पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात, चारीचें पाणी शेतांत जातें. आतां एखाद्या गांवाविषयीं तीन निरनिराळे प्रश्न विचारतां येतात. चारी कोठें गाळानें अरुंद झाली आहे काय? शेताला पाणी पोंचतें काय? आणि पाणी पोंचत नसेल, तर पीक नुसतें सुकलें आहे कीं करपून गेलें आहे? पहिला प्रश्न रचनेचा, दुसरा पुरवठ्याचा, तिसरा जिवंतपणाचा. हृदयाच्या चित्रांचा सारा इतिहास म्हणजे हे तीन प्रश्न वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांनीं, एकमेकांची दाद न घेतां सोडविण्याचा, आणि शेवटीं तीं उत्तरें एका कागदावर आणण्याचा इतिहास होय.

चित्रांच्या आधीं शब्द होते. इ. स. १७६८ मध्यें विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशिअन्समध्यें एक निबंध वाचला. तो १७७२ सालीं छापून निघाला. चालतांना, विशेषतः चढण चढतांना आणि जेवणानंतर, छातींत येणारी आवळल्यासारखी वेदना आणि थांबतांच तिचें नाहींसें होणें, याचें त्यानें केलेलें वर्णन आजहि तंतोतंत लागू पडतें. परंतु दुखणें कशाचें, हें त्याला ठाऊक नव्हतें. तें कळण्यास शवविच्छेदनावांचून दुसरा मार्ग नव्हता. देवीच्या लशीमुळें प्रसिद्ध पावलेला एडवर्ड जेन्नर याला अशा रोग्यांच्या हृद्‌रोहिणी कठीण झालेल्या आढळल्या. पण त्याच सुमारास त्याचे गुरु, विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, यांना तीच वेदना होऊं लागली होती. गुरूच्या मनाला धक्का बसूं नये म्हणून जेन्नरनें आपलें मत प्रसिद्ध केलें नाहीं. जो कोणी आपल्याला चिडवील त्याच्या हातीं आपला प्राण आहे, असें हंटर म्हणत असत. आणि १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं इस्पितळाच्या सभेंत वाद झाल्यावर ते तेथेंच मृत्यु पावले. शवविच्छेदनांत जेन्नरचें अनुमान खरें ठरलें. म्हणजे त्या काळीं चारीचा नकाशा मिळत होता, पण तो शेतकरी मेल्यावर!

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्‌झबुर्ग येथें रंटगेननें क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत मनुष्याच्या आंतील हाडें दिसूं लागलीं. परंतु हृदयाची फक्त सावली दिसे. कारण रक्त, स्नायु आणि वाहिन्यांच्या भिंती या सर्वांतून ते किरण सारख्याच प्रमाणांत जातात. हॉलंडांतील लायडन येथें आइंथोव्हेननें विसाव्या शतकाच्या आरंभीं हृदयाची विद्युल्लेखा कागदावर उमटविली; तिच्याबद्दल त्याला १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ती लेखा अमोल खरी, पण ती चित्र नव्हे. १९१२ मध्यें शिकागोच्या जेम्स हेरिकनें दाखवून दिलें कीं, हृद्‌रोहिणींत रक्ताची गांठ अडकली तरी मनुष्य तत्काळ मरतोच असें नाहीं. ही गोष्ट महत्त्वाची. कारण जो जगतो त्याची तपासणी करण्यांत अर्थ असतो.

जिवंत हृदयापर्यंत पोंचण्याचें पहिलें धाडस एका चोविशींतल्या डॉक्टरनें केलें. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथें वेर्नर फोर्समान यानें, वरिष्ठांनीं मनाई केली असतां, स्वतःच्या कोपराजवळील शीर उघडून तींतून एक लांब रबरी नळी आंत सारली. गेर्डा डिट्‌झेन नांवाच्या परिचारिकेनें प्रयोगासाठीं स्वतःला पुढें केलें होतें. तिला त्यानें मेजावर बांधून ठेवलें आणि प्रयोग मात्र आपल्यावरच केला. मग ती नळी तशीच आंत असतांना तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत गेला, आणि नळीचें टोंक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोंचल्याचें छायाचित्र त्यानें काढविलें. जर्मन वैद्यकांत त्याची उपेक्षाच झाली. अमेरिकेंत कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनीं ती पद्धति पुढें नेली, आणि १९५६ सालीं त्या दोघांबरोबर फोर्समानलाहि नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. त्या वेळीं तो एका लहान गांवीं मूत्ररोगांचे रोगी तपाशीत होता.

तथापि हृद्‌रोहिणींत थेट रंगद्रव्य सोडण्यास सर्वजण भीत. तसें केल्यास हृदय थांबेल अशी समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स एका सव्वीस वर्षांच्या रोग्याची तपासणी करीत असतां नळीचें टोंक नकळत उजव्या हृद्‌रोहिणींत शिरलें आणि क्ष-किरणांना न जुमानणारें तें द्रव्य भरपूर प्रमाणांत तींत गेलें. हृदय थांबलेंहि. सोन्सनें रोग्याला खोकावयास सांगितलें. खोकल्याबरोबर हृदय पुन्हां चालूं लागलें. जें अघटित मानलें जात होतें तें चुकून घडून गेलें होतें, आणि रोगी जिवंत होता. थोडें द्रव्य सावधपणें सोडल्यास धोका फार नाहीं, हें सोन्सच्या ध्यानांत आलें आणि अँजिओग्राफीचा जन्म झाला. चारीचा नकाशा मिळाला! त्याच इस्पितळांत १९६७ मध्यें अर्जेंटिनाहून आलेल्या रेने फाव्हालोरो यांनीं पायाची शीर वापरून अडलेल्या जागेला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया रूढ केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं स्वित्झर्लंडांतील झूरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्‌सिगनें, घरच्या स्वयंपाकघरांत बसून बनविलेल्या चिमुकल्या फुग्यानें, एका जागत्या रोग्याची अरुंद वाहिनी रुंद केली.

या विजयांतच एक भूल दडलेली होती. नकाशावर अरुंद जागा दिसली कीं ती उघडावी, असें डोळ्याला वाटूं लागलें. किती टक्के अरुंद, याविषयीं एकाच चित्रपटावरून दोन तज्ज्ञ दोन आंकडे सांगत. पण त्याहून मोठा प्रश्न असा कीं, ती अरुंदी शेताला खरोखर बाधते काय?

त्याचें उत्तर शोधणारा प्रवाह अगदीं निराळ्या डोंगरांत उगम पावला होता. १९२५ च्या सुमारास बोस्टनच्या हेर्मान ब्लूमगार्टनें रोग्याच्या एका हाताच्या शिरेंत अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य सोडून तें दुसऱ्या हातांत किती वेळानें पोंचतें तें मोजलें. रक्ताबरोबर जाणारा हा हेर पुढें फार उपयोगी पडला. १९३७ मध्यें इटलींतील पालेर्मो येथें सेग्रे आणि पेर्रिए यांनीं टेक्नेशिअम हें मनुष्यानें कृत्रिम रीतीनें मिळविलेलें पहिलें मूलद्रव्य ओळखलें. त्याचें वैद्यकांत वापरावयाचें रूप सहा तासांत निम्मे होतें. म्हणून रोग्याच्या अंगांत तें फार काळ राहत नाहीं, पण दूरच्या कारखान्यांतून आणवूनहि टिकत नाहीं. तोड अशी निघाली कीं, त्याचें जनक मॉलिब्डेनम एका शिशाच्या पात्रांत ठेवावयाचें आणि त्यांतून रोज सकाळीं ताजें टेक्नेशिअम काढून घ्यावयाचें. धंद्यांतले लोक या पात्रास ‘गाय’ आणि या कृतीस ‘दूध काढणें’ म्हणतात. १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांत हाल अँगरनें या किरणांचें चित्र घेणारा कॅमेरा दाखविला. आपल्याकडेहि तुर्भ्याच्या अणुशक्ति-संस्थेनें १९६३ सालीं परळ येथें किरणोत्सर्गी वैद्यकाचें केंद्र काढलें, हें मुंबईकरांनीं अभिमानानें आठवावें.

परंतु हृदय स्वस्थ असतांना घेतलेलें चित्र पुरेसें नव्हे. कारण १९७४ मध्यें अमेरिकेंतील लान्स गूल्डनें कुत्र्यांवरील प्रयोगांत सिद्ध करून दाखविलें. स्वस्थ हृदयाच्या वाहिनीचा व्यास सुमारें ८५ टक्के आवळला जाईपर्यंत प्रवाह कमी होत नाहीं. खालच्या लहान वाहिन्या रुंदावून ती तूट भरून काढतात. पण हृदयाला जास्तींत जास्त रक्त लागेल अशी वेळ आणली, तर त्याच्या पुष्कळ आधींच प्रवाह अपुरा पडूं लागतो. पावसाळ्यांत चारीचा गाळ कोणाच्या लक्षांत येतो? तो उन्हाळ्यांत कळतो. हेबर्डनचा रोगी चढणीवर कां थांबे याचा उलगडा दोन शतकांनीं असा झाला. सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूसनें १९६३ सालीं चालत्या पट्ट्यावरील व्यायामाचे टप्पे निश्चित करून दिलेले होतेच. १९७३ मध्यें झारेट आणि स्ट्रॉस यांनीं व्यायामाच्या भरांत किरणोत्सर्गी पोटॅशिअम टोंचून हृदयाचें चित्र घेतलें. व्यायामांत रिकामी दिसणारी जागा विश्रांतींत भरून निघते, हें त्यांनीं दाखविलें. पुढें पोटॅशिअमऐवजीं थॅलिअम आलें, मग टेक्नेशिअमचीं संयुगें आलीं. शेताच्या ओलाव्याचा नकाशा मिळाला!

आतां नानांच्या चित्राचें कोडें सुटतें. हा नकाशा ओलावा मोजत नाहीं, तुलना करतो. सर्वांत ओलें शेत कोणतें तें पाहून त्याच्या मानानें तो इतरांना रंग देतो. एक चारी अडली तर तेथील शेत फिकें दिसतें. पण तिन्ही चाऱ्या सारख्याच अडल्या तर? सारीं शेतें सारखींच कोरडीं, म्हणून रंग एकसारखा. ज्या एकसारख्या रंगावर आम्ही संतोष मानला, तोच कदाचित् धोक्याचा बावटा होता. शेजारीं दुसरा नकाशा असता तर तो कळता.

हे दोन प्रवाह वाहत असतां बाजूस आणखीहि झरे फुटत होते. १९५३ च्या ऑक्टोबरांत स्वीडनमधील लुंड येथें इंगे एड्लर हा वैद्य आणि कार्ल हेल्मुट हेर्ट्‌झ हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक यांनीं, माल्मोच्या जहाजाच्या कारखान्यांत लोखंडांतील भेगा शोधण्यास वापरलें जाणारें यंत्र उसनें आणून, श्रवणातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून धडधडत्या हृदयाची हालचाल टिपली. रक्त कमी पडलेला स्नायु नीट आकुंचन पावत नाहीं, हें त्या पद्धतीनें पुढें दिसूं लागलें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या एका इस्पितळांत हाउन्सफील्डच्या सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचे आडवे छेद दाखविले. मेंदु स्थिर असतो. हृदय क्षणभरहि स्थिर नसतें. म्हणून हृदयाची पाळी येण्यास आणखी तीन दशकें जावीं लागलीं. एका फेऱ्यांत चौसष्ट छेद घेणारीं यंत्रें या शतकाच्या पहिल्या दशकांत आलीं, तेव्हां कोठें हृद्‌रोहिणींत नळी न घालतां, केवळ हाताच्या शिरेंत औषध टोंचून, त्यांचें स्पष्ट चित्र मिळूं लागलें.

तिसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे पीक सुकलें कीं करपलें याचें, उत्तर पॉझिट्रॉन पद्धतीनें दिलें. १९८३ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं रक्तप्रवाहाचें आणि साखरेच्या वापराचें, अशीं दोन चित्रें एकाच हृदयाचीं काढलीं. जेथें रक्त कमी पण साखरेचा वापर चालू, तेथें स्नायु जिवंत. जेथें दोन्ही नाहींत, तेथें केवळ वण. मुंबईच्या रहिमतुल्ला घराण्यांत जन्मलेले शहाबुद्दीन रहिमतुल्ला यांनीं अमेरिकेंत याच दशकांत अशा जिवंत पण निश्चल स्नायूची कल्पना वैद्यकांत रुजविली. थंडीच्या दिवसांत गाढ झोंप घेणाऱ्या प्राण्याची उपमा त्याला देण्यांत आली. मेलेला समजून सोडून दिलेला स्नायु रक्त मिळतांच पुन्हां काम करूं लागतो, याहून आशादायक गोष्ट कोणती? २००० सालीं शिकागोच्या संशोधकांनीं चुंबकीय चित्रणानेंहि तो वण इतका स्पष्ट दाखविला कीं, भिंतीच्या किती जाडीपर्यंत तो पोंचला आहे त्यावरून सुधारणेचा अंदाज बांधतां येऊं लागला.

येथें मला माझा वर्ग आठवतो. जिल्ह्याच्या नद्यांचा एक नकाशा आणि पिकांचा एक नकाशा भिंतीवर शेजारीं शेजारीं टांगला, तर मुलें दोन्ही पाठ करीत, पण दोहोंचा संबंध त्यांना लागत नसे. पातळ कागदावर नद्या काढून तो कागद पिकांच्या नकाशावर ठेवला कीं सारा वर्ग एकदम ‘अहा’ म्हणे. हृदयाच्या बाबतींत वैद्य मंडळी पुष्कळ वर्षें भिंतीवरचे दोन नकाशे पाहत होतीं. अमुक जागेला अमुक वाहिनी रक्त देते, असा एक सर्वसाधारण संकेत ठरलेला होता. २००२ सालीं अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांनीं हृदयाच्या डाव्या कप्प्याचे सतरा भाग पाडून तो पक्काहि केला. परंतु कोणतींहि दोन हृदयें सारखीं नसतात. कोणाची उजवी वाहिनी मोठी, तर कोणाची डावी लांबवर गेलेली. संकेताप्रमाणें दोष एका वाहिनीवर यावा आणि प्रत्यक्षांत अपराधी दुसरीच असावी, असें घडूं शकतें. मग फुगा कोठें फुगवावयाचा?

पातळ कागद वर ठेवण्याचें हें काम १९९० पासून अमेरिकेंतील अटलांटा शहरीं एमोरी विद्यापीठांत गणकयंत्रावर सुरू झालें, आणि २००७ च्या सुमारास झूरिकच्या विद्यापीठ-रुग्णालयांत सी. टी. ची वाहिनी आणि किरणोत्सर्गी चित्राचा रंग एकाच घनाकृति हृदयावर चढविण्यांत आला. योगायोग पाहा! ज्या झूरिकमध्यें ग्रुंट्‌सिगनें पहिला फुगा फुगविला आणि ज्या एमोरीमध्यें तो १९८० नंतर काम करीत होता, त्याच दोन ठिकाणीं ‘फुगा कोठें फुगवावा आणि कोठें फुगवूं नये’ हें सांगणारें चित्र तयार झालें. दरम्यान पिट्‌सबर्ग येथें १९९८ मध्यें टाउनसेंड आणि नट्‌ यांच्या योजनेप्रमाणें पॉझिट्रॉन यंत्र आणि सी. टी. हीं दोन यंत्रें एकाच पलंगापाशीं जोडण्यांत आलीं होतीं.

या जोडणीचे लाभ तीन. पहिला, दोषी वाहिनी नेमकी सांपडते. दुसरा, छातीच्या मांसांतून आणि पडद्यांतून येतांना किरण क्षीण होतात व निरोगी जागाहि फिकी भासते; सी. टी. वरून ती तूट हिशेबानें भरून काढतां येते. तिसरा, पॉझिट्रॉन पद्धतीनें दर मिनिटास दर ग्रॅम स्नायूमागें किती रक्त वाहतें तें प्रत्यक्ष मोजतां येतें. म्हणजे नानांच्या हृदयासारखीं सारींच शेतें कोरडीं असलीं तरी तीं लपत नाहींत. पण उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. श्वासाबरोबर हृदय हलतें. दोन चित्रें थोडीं जरी सरकून बसलीं तरी नसलेला दोष दिसूं लागतो. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर किरणांचा डोस आणि पैशांचा खर्च वाढतो. म्हणून सर्वांच्या सर्व तपासण्या करणें हें शहाणपण नव्हे.

नकाशे एकत्र वाचल्यानें खरोखर फरक पडतो काय? पहिला सबळ पुरावा नळीच्याच बाजूनें आला. नेदरलंड्‌सचे निको पेल्स आणि बेल्जमचे डी ब्रूइन यांनीं १९९६ मध्यें दाखविलें कीं, अरुंद जागेच्या अलीकडचा व पलीकडचा रक्तदाब मोजून ती जागा खरोखर बाधक आहे कीं नाहीं हें ठरवितां येतें. २००९ सालीं १,००५ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. केवळ डोळ्यांनीं पाहून जाळ्या बसविलेल्यांपैकीं १८.३ टक्क्यांना वर्षाच्या आंत मृत्यु, हृदयाघात किंवा पुन्हां शस्त्रक्रिया यांपैकीं कांहींतरी भोगावें लागलें. दाब मोजून बसविलेल्यांत तें प्रमाण १३.२ होतें. आणि यांना जाळ्या कमी लागल्या होत्या!

मग पहिली तपासणी कोणती करावी, यावर दोन पंथांचा वाद जुंपला. २०१५ मध्यें अमेरिकेंत १०,००३ रोग्यांवर झालेल्या चाचणींत सी. टी. चा रचनापंथ आणि व्यायाम-तपासणीचा पुरवठापंथ यांच्या परिणामांत फरक पडला नाहीं. २०१८ मध्यें स्कॉटलंडांतील ४,१४६ रोग्यांच्या चाचणींत मात्र नेहमींच्या उपचारास सी. टी. ची जोड दिल्यावर पांच वर्षांत हृदयाघाताचें व हृद्‌रोहिणी-विकारानें येणाऱ्या मृत्यूचें प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलें. शस्त्रक्रिया वाढल्या म्हणून नव्हे. चरबीचे थर डोळ्यांना दिसल्यामुळें योग्य रोग्यांना औषधें सुरू झालीं म्हणून. आणि २०२० सालीं ३७ देशांतील ५,१७९ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तींत भारतहि होता. पुरवठ्याच्या तपासणींत ज्यांचा दोष मध्यम किंवा तीव्र ठरला त्यांनाच तींत घेतलें होतें, आणि त्यांपैकीं बहुतेकांची सी. टी. काढून डाव्या मुख्य वाहिनींत मोठा अडथळा असणारे आधींच वगळले होते. म्हणजे प्रवेशालाच दोन नकाशे! निष्कर्ष असा निघाला कीं, अशा स्थिर रोग्यांत लगेच जाळी किंवा बायपास केल्यानें, चांगल्या औषधोपचारांपेक्षां, मृत्यु आणि हृदयाघात यांचें एकंदर प्रमाण घटत नाहीं. ज्यांना वारंवार वेदना होते त्यांची वेदना मात्र अधिक कमी होते. घाईला औषध मिळालें तें असें.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगून संपवितों. नानांच्या मागून दोन वर्षांनीं टेकडी चढतांना माझ्याहि छातींत तीच हेबर्डनची मूठ आवळली. सी. टी. काढली, एक वाहिनी मध्यावर दोन-तृतीयांश अरुंद निघाली. घरांत रडारड झाली. मुलगा म्हणाला, “बाबा, उद्यांच करून घेऊं.” नानांची आठवण ताजी असल्यामुळें मलाहि तेंच वाटत होतें. पण ज्या डॉक्टरांपुढें मी बसलों ते वयानें माझ्या विद्यार्थ्यांएवढे, तरी स्वभावानें जुन्या मास्तरांसारखे होते. ते म्हणाले, “गुरुजी, ही नुसती चारी झाली. शेत पाहूं या.” त्यांनीं पुरवठ्याचें चित्र काढविलें, तें या चित्रावर बसविलें, आणि पडद्यावर मला माझेंच हृदय दाखविलें. त्या अरुंद वाहिनीखालचा स्नायु व्यायामांतहि भरलेला होता. आणि बाकीच्या दोन वाहिन्या मोकळ्या आहेत हें पहिल्या चित्रानेंच सांगितलेलें असल्यामुळें, या वेळीं रंगाच्या एकसारखेपणावर भरंवसा ठेवण्यास हरकत नव्हती. त्या गोष्टीला तीन वर्षें झालीं. मी औषधें घेतों, चालतों, तूप बेतानें खातों.

श्रोतेहो, माझें ऐकून कोणीं औषध सोडूं नये किंवा शस्त्रक्रिया टाळूं नये. छातीची वेदना स्वस्थ बसल्यावरहि थांबत नसेल, तर नकाशांची चर्चा न करतां तत्काळ इस्पितळ गांठावें. मात्र डॉक्टरांपुढें बसाल तेव्हां एक प्रश्न अवश्य विचारा: या तपासणीनें तीन प्रश्नांपैकीं कोणत्याचें उत्तर मिळालें, आणि कोणत्याचें अजून मिळावयाचें आहे? आणि आपले सर्व कागद, जुने असोत वा नवे, एकाच पिशवींत घालून एकाच मेजावर मांडा. नाना आणि मी त्या संध्याकाळीं हा प्रश्न विचारला नाहीं. तो विचारावयाचा असतो, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. आज आपणांस ठाऊक झालें, तेवढ्यानें माझें काम झालें.